पूजेतला पाना

मित्रांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या पाठीवर तुमची आवडती माणसं बसली आहेत आणि तुम्ही डोंगराच्या उताराकडे निघाला आहात. तुमचा एक पाय घोट्यापाशी सैल झाला आहे. तुम्हाला ते कळतं, पाठीवरच्या माणसांना कळत नाही. तुम्हाला ओरडून सांगायचं आहे, ‘थांबा, उतरा!’ पण तुम्हाला तोंडच दिलेलं नाही.

जमली कल्पना? मग आता डोळे उघडा. मी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि माझ्यावर असा एक दिवस खरोखर आला होता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रे वाकवून, जोडून, रंगवून मला उभं केलं गेलं. तिथला एकही चेहरा आता मला आठवत नाही. दाराबाहेर पडताना कोणीतरी माझ्या बॉनेटवरचा शेवटचा डाग आपल्या बाहीने पुसला होता, तेवढा स्पर्श आठवतो. तिथून मी गोंदियाला आले आणि गोंदियाहून कामठा गावच्या भुवनेश्वरच्या अंगणात. तेव्हा त्याची मुलगी रुचि पाळण्यातल्या वयाची होती. तिची आई दुलारी मला ओवाळायला आली, तेव्हा तिच्या कडेवरून रुचिने माझ्या आरशाला हात लावला आणि आपलंच तोंड बघून हसली. म्हणून मी म्हणते, की आम्ही दोघी बरोबरीच्या.

कामाची वर्षं भराभर गेली. मी धानाचे कट्टे, म्हणजे भाताची पोती, गिरणीवर नेले. लग्नात आंदणाची कपाटं नेली. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या दिवसांत नाटकाचे पडदे, पेट्या आणि झोपलेले नट नेले. एकदा तर शाळेचे बाक नेताना सगळी शाळाच माझ्यामागे धावत आली होती. गावातली माणसं म्हणायची, “भुवनेश्वरची गाडी म्हंजे गाडी आहे जी!” हे ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पण कौतुकाने गंज थांबत नाही. माझा एक दिवा अंधुक झाला. उजवं दार बंद राहीना, म्हणून त्याला दोरी आली. टायर झिजून चकचकीत झाले आणि भुवनेश्वर ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणत राहिला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला वेळ नव्हता एवढंच.

दरवर्षी रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, आणि कापणीला भुवनेश्वर दरेकस्याहून बायांची टोळी आणत असे. दरेकसा तुम्ही पाहिलं नसेल, तर सांगते. डोंगर आणि जंगल यांच्या मध्ये वसलेलं गाव, त्याला एक लहानसं रेल्वे स्टेशन. टोळीची मुख्य होती धनवंता. आवाज मोठा, हात त्याहून मोठे. तिच्याबरोबरच्या बाया माझ्या हौद्यात बसल्या, की गाणी आणि भांडणं दोन्ही बरोबरच सुरू व्हायची.

एका रोवणीला एक घटना घडली. परतताना जंगलातल्या एका नाल्याच्या चिखलात माझी मागची चाकं रुतली. गुळगुळीत टायर नुसते जागच्या जागी फिरत राहिले. दिवसभर वाकून रोवणी केलेल्या त्या बाया खाली उतरल्या आणि गुडघाभर चिखलात उभं राहून मला ढकलू लागल्या. चिखल त्यांच्या तोंडावर उडत होता.

धनवंता म्हणाली, “भाऊ, तू आमाले गाडीत नेऊन राहिला का गाडीले आमच्यावर?”

सगळ्या हसल्या. भुवनेश्वर हसला नाही. त्याने घरी आल्याबरोबर ठरवलं, की दसऱ्याच्या आत गाडीची चाकं बदलायची.

आता रामलालजींविषयी सांगायला हवं. ते भुवनेश्वरचे वडील, रुचिचे आबाजी. तरुणपणी त्यांची बैलबंडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. त्यांना चाकं बदलायचा विचार पसंत पडला.

“बंडीचं चाक मोठं असलं का बैलाले हलकं जाते,” ते म्हणाले. “गाडीलेबी मोठेच चाक घे.”

गोंदियाच्या बाजारात टिंकू नावाचा एक कारागीर चाकं बसवायचं काम करतो. त्याने मला जॅकवर उचललं आणि माझी जुनी चाकं काढून भिंतीला टेकवून ठेवली. इतकी वर्षं ज्यांच्यावर उभी राहिले, ती चाकं अशी बाजूला बघून मला गलबलून आलं. मग त्याने नवी चाकं आणली. रुंद काळ्या रिमा, वर रबराच्या जाड गट्ट्यांचे भक्कम टायर. वळताना घासू नयेत, म्हणून त्याने माझ्या मडगार्डची कड कापून सारखी केली. नटांवर चमकदार टोपणं बसवली. मी पहिल्यापेक्षा उंच झाले. बाजारातली माणसं थांबून बघायला लागली.

टिंकूने भुवनेश्वरला नट कसायचा एक नवा पाना दिला. “भैया, ये पाना संभाल के रखना,” तो म्हणाला. “इस रिम में नट अंदर गहरा बैठता है, दूसरा मोटा पाना घुसेगा ही नहीं. और सुनो, दो-तीन दिन चला के नट फिर से कस लेना. नया चक्का बैठता है तो नट ढीले पड़ते हैं. भूलना मत.”

“हौ, कस लेंगे,” भुवनेश्वर म्हणाला. त्याचं लक्ष माझ्या नव्या रूपाकडे होतं.

“और स्पीड का काँटा अब कम बताएगा. चक्का बड़ा है ना. ब्रेक भी थोड़ा पहले लगाना.”

“हौ, हौ.”

मित्रांनो, मोठी चाकं वाईट नव्हती. चिखलातून मी हत्तीसारखी निघू लागले. खड्ड्यांचं काही वाटेना. पण टिंकूने सांगितलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं. माझा काटा खरोखरच कमी वेग दाखवू लागला. थांबायला मला जास्त जागा लागू लागली. आणि डांबरी रस्त्यावर ते जाड गट्टे घूंऽऽ असा मोठा आवाज करू लागले. तो आवाज भुवनेश्वरला फार आवडे. पण त्याच आवाजात मग दुसरे लहान आवाज बुडून जाऊ लागले.

त्या आठवड्यात मी भरपूर धावले. डाव्या बाजूचं पुढचं चाक हळूहळू आपल्या जागी बसत होतं आणि त्याचे नट केसाकेसाने सैल होत होते. भुवनेश्वरने ठरवलं, दसऱ्याला सकाळी गाडी धुतो, तेव्हाच नट कसतो.

दसरा उजाडला. त्याने मला घासून धुतलं आणि पाना घ्यायला सीटखाली हात घातला. पाना तिथे नव्हता.

अंगणातून मला घरातलं देवघर दिसतं. रामलालजींच्या घरी दसऱ्याला सगळी हत्यारं, अवजारं देवापुढे मांडतात. विळे, कुऱ्हाडी, भाजी चिरायची पावशी, दुलारीची कात्री. त्या वर्षी रामलालजींनी पहाटेच माझ्या सीटखालचा पाना आणि जॅकही नेऊन मांडला होता. त्यांना हळदकुंकू लावलं होतं, वर झेंडूची फुलं ठेवली होती. आणि त्या घराची एक रीत होती. मांडलेली पूजा तिसऱ्या दिवशी उठायची. तोपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही.

“बाबूजी, नट कसायचे होते,” भुवनेश्वर दारात उभा राहून म्हणाला.

“मंग काल काऊन नाही कसले?”

“राहून गेलं.”

“आता देवापुढं मांडला. परवा पूजा उठल, तवा घे.” रामलालजी शांतपणे म्हणाले. “आपले पूर्वज माळव्यातून आले तेव्हापासून कोनी मांडलेली पूजा मोडली नाही. अन तू चिंता कायले करून राहिला? बंडीच्या चाकाले लोहारानं एकडाव धाव बसवली, का मंग वर्सभर पाहाव लागत नाही. थंडी होते तशी घट्ट बसते. हे तं लोखंडी चाक आहे.”

धाव म्हणजे बैलबंडीच्या लाकडी चाकावरचा लोखंडी पट्टा. तापवून बसवला, की निवताना तो आवळून घट्ट होतो. रामलालजी बंडीबद्दल बोलले ते अगदी खरं होतं. पण मी बंडी नव्हते. माझी चाकं निवून आवळत नाहीत, ती चालून सैल होतात.

भुवनेश्वरने वडिलांचा शब्द मोडला नाही. माझ्या चारी चाकांखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, माझ्या कपाळावर स्वस्तिक काढलं. मला हार घातला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या मनात प्रेमच होतं, मित्रांनो. त्या प्रेमात फक्त एका पान्याची जागा चुकली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लवकर येणारा हलका धान पिकून पिवळा झाला होता आणि आभाळ भरून येत होतं. धानावर पाऊस पडण्याआधी कापणी उरकायला हवी होती. भुवनेश्वर दरेकस्याला टोळी आणायला निघाला. शाळेला सुट्टी म्हणून रुचिही माझ्यात येऊन बसली, खिडकीपाशी, डाव्या बाजूला.

आमगाव गेलं, सालेकसा गेलं, चढ सुरू झाला. टायरांचा घूंऽऽ चालू होता आणि त्याच्या आत मी माझा एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलत होते, टक... टक... टक.

रुचिने खिडकीबाहेर मान काढली. “बाबूजी, खाली काहीतरी ठोकून राहिलं.”

“नव्या टायरचा आवाज आहे.”

“टायरचा नाही. दुसराच आहे. थांबून पाहा ना.”

“अवं, तू मेकॅनिक कवा झाली?” भुवनेश्वर हसला. “बाया वाट पाहून राहिल्या असतील. मान आत घे.”

रुचिने मान आत घेतली, पण ती गप्प झाली. मी तिला ओळखते. ती रुसली नव्हती, ऐकत होती.

दरेकस्याला स्टेशनसमोरच्या मोकळ्या जागेत टोळी तयारच होती. डबे, विळे, डोक्याला बांधलेली फडकी. भुवनेश्वरने मला उभं केलं आणि बाया भराभर हौद्यात चढू लागल्या. प्रत्येक पाऊल चढलं, तशी मी थोडी दबत होते आणि डाव्या चाकाचे बोल्ट कण्हत होते. इथून खाली सगळा उतार. मला पुढचं वळण दिसत होतं. त्याच्या पलीकडे दरी होती.

रुचि दार उघडून खाली उतरली. चाकापाशी जाऊन वाकली. नटावरचं ते चमकदार टोपण तिने नखाने ओढून काढलं आणि आत बोट घातलं.

नट फिरला. तिच्या एवढ्याशा बोटाने फिरला.

तिने दुसरं टोपण काढलं. तो नटही फिरला. रिमच्या भोकाभोवती झिजलेल्या धातूची चांदीसारखी बारीक पूड जमली होती, ती तिच्या बोटाला लागली.

“बाबूजी!” ती ओरडली. “उतरा! सगळे खाली उतरा!”

भुवनेश्वर आला. त्याने नट हलवून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने सीट उचलली. खाली रिकामी जागा होती. त्या जागेकडे तो बघतच राहिला.

शेजारच्या एका ट्रॅक्टरवाल्याने आपला पाना आणून दिला. तो रिमच्या भोकात शिरला नाही. आणखी एकाचा आणला, तोही जाड निघाला. टिंकू म्हणाला होता, तसंच झालं.

भुवनेश्वरने आभाळाकडे पाहिलं. मग खाली बसून तो हाताने नट फिरवू लागला. “हातानं जेवढे होते तेवढे कसतो. सावकास नेतो,” तो म्हणाला. “उतारच तं आहे. सालेकस्यापर्यंत गेलो, का तिथं पाहून घेऊ.”

“नाही न्यायची,” रुचि म्हणाली.

“रुचि, बाजूले हो.”

“नाही न्यायची, बाबूजी! बोटानं निघते ते बोटानं कसून कसं राहील?”

“धान भिजून जाईल, समजते का तुले?”

“मले समजते. पण मावश्या बसल्या आहेत.”

ती चाकाला पाठ लावून मातीत बसली. भुवनेश्वरने तिचा दंड धरला. तेवढ्यात हौद्यातून धनवंताचा आवाज आला.

“कायले वढून राहिला पोरीले? काय झालं?”

रुचिने सांगितलं. चाकाचे नट सैल आहेत, पाना घरी पूजेत आहे, पूजा उद्या उठणार आहे.

धनवंता फळीवरून खाली उतरली. तिने स्वतः तो नट फिरवून पाहिला. मग कमरेवर हात ठेवून भुवनेश्वरकडे पाहिलं.

“वा रे भाऊ! पाना ठेवला देवापुढं अन आमाले ठेवलं चाकापुढं?” ती म्हणाली. “आमचाबी देव आहे. डोंगरातच आहे, दूर नाही. पण त्यानं असं कधी सांगितलं नाही, का विळा घरी ठेव अन हातानं धान काप.” मग मागे वळून ओरडली, “उतरा वो सगळ्या! खाली उतरा!”

बाया उतरल्या. एकीने जाता जाता रुचिच्या डोक्यावर हात ठेवला. माझी पाठ हलकी झाली. मित्रांनो, इतकी वर्षं मी ओझी वाहिली, पण रिकामं होण्यात एवढं सुख असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण पाना तर हवाच होता. भुवनेश्वरने फोन काढला, घरचा नंबर लावला आणि नुसताच कानाशी धरून उभा राहिला. पलीकडून रामलालजींचा आवाज येत होता, “हालो... कोन हाय?” पूजा उचला, हे वडिलांना कसं सांगायचं?

रुचिने फोन त्याच्या हातातून घेतला.

“आबाजी, मी रुचि. आबाजी, पूजा उचला.”

“काय?”

“पूजा उचला अन पाना घेऊन या. चाक सैल झालं. दुसरा पाना लागत नाही.”

मग रामलालजी म्हणाले, “पोरी, आज दुसराच दिवस आहे.”

“आबाजी, सगळ्या मावश्या गाडीत बसल्या होत्या. मीबी बसणार होती.”

फोन बंद झाला. रुचिने तो बापाच्या हातात परत दिला. आबाजी येणार की नाही, हे कोणालाच कळलं नव्हतं. भुवनेश्वर पुन्हा फोन लावत नव्हता. बाया स्टेशनच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. कोणी डबा उघडून खाल्लं, कोणी विळ्याची धार बघत बसली. आभाळ आणखी खाली आलं. रुचि मात्र चाकाजवळून हलली नाही. धनवंताने तिला अर्धी भाकर दिली, ती तिने तिथेच बसून खाल्ली.

एक मालगाडी धडधडत निघून गेली. मग कितीतरी वेळाने पॅसेंजर आली आणि त्या लहानशा फलाटावर थांबली. मोजकी माणसं उतरली. सगळ्यात शेवटी, दांडीला धरून, एक पाय आधी आणि मग दुसरा, असे रामलालजी उतरले. त्यांच्या काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेली वस्तू होती. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बसून ते आमगावच्या स्टेशनवर आले होते. चप्पल घालायचीही त्यांना आठवण राहिली नव्हती.

ते माझ्याजवळ आले. त्यांनी दुपट्टा सोडला. पान्यावर हळदकुंकू तसंच होतं आणि झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती.

“फुलं बाजूले केले, देवाले सांगितलं अन घेऊन आलो,” ते म्हणाले. बास, एवढंच.

भुवनेश्वरने पाना रिमच्या भोकात घातला. आता तो अलगद शिरला. एक नट त्याने कसला, मग समोरचा, मग त्याच्या शेजारचा. चौथ्याला जोर लावला आणि कट्ट असा आवाज झाला. पाना एकदम मोकळा फिरला. भुवनेश्वरने तो बाहेर काढला, तेव्हा त्याच्या टोकात नट होता आणि नटात बोल्टचा तुटलेला तुकडा होता. सैल चाकाने हलून हलून तो बोल्ट आतून कापत आणला होता.

रामलालजींनी तो तुकडा हातात घेतला. त्याच्याकडे पाहिलं, मग पुढच्या वळणाकडे पाहिलं, मग बायांकडे. एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मग ते खाली मातीत बसले, रुचिच्या शेजारी.

“मले बंडीचंच माहीत होतं, बाई,” ते धनवंताला म्हणाले. “गाडीचं मले माहीत नव्हतं. तरी मी बोललो.”

धनवंताने त्यांच्या हातातला तुकडा घेऊन पाहिला. “काका, तुमी मोडली ना पूजा?”

“मोडली.”

“मंग झालं. आमी सगळ्या जित्त्या आहोत. आज कामठ्याले पोचलो का जेवाले घाला. अन भाजीत तेल घालजा, मागच्या डावासारखी कोरडी नोको.”

बायांमध्ये हसू फुटलं. रामलालजींच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तेही हसले.

त्या दिवशी बाया परतीच्या पॅसेंजरने आल्या. रामलालजी आणि रुचिही त्यांच्याबरोबर बसले. मी रिकामी, अगदी सावकाश, घाट उतरले. भुवनेश्वर दर थोड्या अंतरावर थांबून नटांना हात लावून बघत होता. गोंदियात टिंकूने चाक काढलं, तेव्हा आणखी एक बोल्ट तुटायच्या बेतात निघाला. टिंकू काही रागावला नाही. तो नुसता म्हणाला, “भैया, भरी गाड़ी में ये निकल जाता तो?” आणि ते वाक्य त्याने पूर्ण केलं नाही.

पावसाने थोडा धान भिजवला. पण भिजलेला धान वाळवता येतो, मित्रांनो.

घरी आल्यावर रामलालजींनी पाना पुन्हा देवापुढे ठेवला नाही. स्वतःच्या हाताने तो माझ्या सीटखाली ठेवला आणि म्हणाले, “याची पूजा इथंच.” तेव्हापासून दसऱ्याला ते माझ्या दारात येतात आणि तिथेच त्याला कुंकू लावतात.

मी आता जुनी झाले आहे. नव्या चाकांनी मला तरुण केलं नाही, फक्त बळकट केलं, आणि बळ वाढलं, की काळजीही वाढवावी लागते, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या घरी सायकल असेल, मोटरसायकल असेल, पंप असेल, विहिरीवरचा रहाट असेल. त्यांना हार घाला, जरूर घाला. आम्हाला हार आवडतात. पण त्याआधी आमच्या सांध्यांना हात लावून बघा. आम्ही एखादा नवा, बारीकसा आवाज केला, तर तो टाळू नका. आमच्याजवळ दुसरी भाषा नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. कापणी ऐन भरात आली, त्या दिवसांतली. संध्याकाळी मी कामठ्याच्या चौकात उभी होते आणि रुचि शाळेतून येत होती. समोर सेवकरामची पिकअप उभी होती. सेवकराम पलीकडच्या गावचा. त्याने कुठेतरी माझी चाकं पाहिली होती, तेव्हापासून त्याच्या मनात ती भरली होती. आज त्याच्या गाडीलाही तशीच चाकं होती, काळी, रुंद, टोपणं चमकणारी. दिवसभर धान कापून थकलेल्या बाया त्याच्या हौद्यात चढायला लागल्या होत्या.

रुचि थांबली. रस्ता ओलांडून त्या गाडीजवळ गेली.

“काय पाह्यते वो रुचि?” सेवकराम खिडकीतून म्हणाला. “आवडले का चाकं?”

“काका, बसवून किती दिवस झाले?”

“परवाच बसवले. काऊन?”

“मग पुन्हा कसले का?”

सेवकराम मोठ्याने हसला. “अवं, नवेच तं आहेत! कसाव कायले लागते?”

रुचि हसली नाही. तिने पाठीवरचं दप्तर काढून रस्त्याच्या कडेला ठेवलं. हौद्याच्या फळीवर एक पाय ठेवलेल्या बाईकडे पाहून ती म्हणाली, “मावशी, चढू नका. थोडं थांबा.” मग ती धुळीत गुडघे टेकून बसली, पहिलं टोपण नखाने ओढून काढलं आणि नटावर आपलं बोट ठेवलं.